पटावरची तारका

सॅगिनॉ शहरात, नदीच्या पूर्वेला, एका बंद पडलेल्या चर्चच्या विटांच्या इमारतीत कलाशाळा भरते. शाळा सनदी आहे. म्हणजे खर्च सरकारचा, फी नाही, आणि प्रवेश चिठ्ठ्या टाकून. या शाळेच्या कार्यालयात ओझेला ब्रंडिज या बाई एकोणीस वर्षे पटाचे काम पाहत आल्या. मूल दाखल झाले की नाव पटावर घ्यायचे, मूल गेले की पटावरून कमी करायचे, आणि मधल्या काळात ते रोज आले की नाही हे लिहायचे, एवढे ते काम. काम लहान दिसते. परंतु शाळेत मुले किती, ती कोणाची, कुठल्या इयत्तेतली आणि कुठल्या कलेतली, हे त्या इमारतीत नक्की ठाऊक असलेली व्यक्ती एकच होती.

दर वसंत ऋतूत त्यांच्या खिडकीसमोर एक चूक हमखास घडत असे. कलाशाळा म्हटल्यावर आईबापांना वाटे की इथे कला दाखवावी लागते. मग कोणी मुलाला ट्रम्पेट घेऊन आणी, कोणी मुलीला झगमगीत कपडे घालून आणी, आणि ओझेलाबाईंनी अर्ज पुढे करण्याआधीच ते मूल नाचू लागे.

"छान नाचलीस हं," ओझेलाबाई नाच संपेपर्यंत थांबून म्हणत. "पण आमच्याकडे कला बघून घेत नाहीत. नाव चिठ्ठीत येतं. लंगडी घालता येत नसेल तरी नाव लागू शकतं."

दारावरचा रखवालदार हॉर्टन यावर दरवर्षी तेच बोले. "मिस ओझेला, मीही चिठ्ठी टाकतो. एकसष्टाव्या वर्षी बॅले शिकेन म्हणतो."

"आधी त्या जिन्यावरून धाप न लागता चढून दाखव."

अर्जात एक भाग वंशाचा असे. त्यात चौकटी होत्या: कृष्णवर्णीय, गोरे, मूळ रहिवासी, आशियाई, आणि पुढे आणखी. लोक चौकटीत बरोबरच्या खुणा करत, फुल्या मारत, कोणी रेघ बाहेर काढत. ओझेलाबाईंना ते खपत नसे. त्या पेन्सिल हातात देऊन सांगत, "चौकट पूर्ण काळी करा. कोपरेसुद्धा. अर्धी भरलेली चौकट यंत्राला दिसत नाही."

शरद ऋतूत या सगळ्याचे एक पान तयार होई. त्या पानाला शाळेची ओळख म्हणत. मागच्या वर्षीच्या पानावर एकूण मुले दोनशे चौऱ्याऐंशी होती. कृष्णवर्णीय एकशे अडुसष्ट, मेक्सिकन घरांतली एकसष्ट, गोरी चौतीस, एकाहून अधिक वंशांची वीस. आणि मूळ रहिवासी या नावापुढे आकडा नव्हता, एक तारकाचिन्ह होते. नियम असा की दहाच्या खालचा आकडा छापायचा नाही. थोडी मुले असली की ती कोण हे ओळखू येते, म्हणून तारका घालायची. ज्याला वजाबाकी येते त्याला तारकेमागे किती मुले आहेत हे लगेच कळत असे. तरीही नियम तो नियम, आणि ओझेलाबाई तारका घालत.

तारकेमागे एकच मूल होते. ते म्हणजे त्यांची नात झरिया.

झरिया त्यांचा मुलगा कर्टिस याची मुलगी. तिची आई मार्ला ओजिब्वे या मूळ रहिवासी जमातीची होती, उत्तरेकडची, सामुद्रधुनीवरच्या लांब पुलापलीकडची. कर्टिस आणि मार्ला यांचे फार काळ जमले नाही. मार्ला आपल्या लोकांच्या वस्तीत परत गेली. झरिया शाळेचे महिने सॅगिनॉत आजी आणि वडिलांकडे आणि उन्हाळा आईकडे काढू लागली. अकराव्या वर्षी सहावीसाठी तिची चिठ्ठी निघाली. त्या दिवशी ओझेलाबाई पेटीला हात न लावता भिंतीपाशी उभ्या राहिल्या होत्या, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको.

अर्ज भरायला कर्टिस आणि मार्ला दोघेही खिडकीशी आले. कर्टिसने पेन्सिल घेतली आणि पहिली, कृष्णवर्णीयांची चौकट काळी करायला लागला, तेव्हा मार्लाने त्याचा हात धरला.

"दोन भरायच्या नाहीत."

"का? दोन्ही तर आहे ती."

"दोन भरल्या की ती मिश्रांच्या रकान्यात जाते. तिथं गेलेलं पोर कुणाचंच दिसत नाही. आई, बरोबर ना?"

ओझेलाबाईंना हो म्हणावे लागले, कारण ते खरे होते. दोन चौकटी भरलेले मूल दोन्ही रकान्यांतून वगळले जाते आणि तिसऱ्यात जाते.

कर्टिस हसला. "बरं बाई, तुझीच भर. माझ्या रकान्यात तशीही गर्दी आहे."

त्याने खोडरबर मागितले. ओझेलाबाईंनी ते दिले. आपल्या नातीच्या अर्जावरून आपली चौकट पुसली जाताना त्यांनी पाहिली, रबराचा भुगा हाताने झटकला, आणि अर्ज फाइलला लावला. याविषयी त्या कोणाशी कधी बोलल्या नाहीत. ओळखीचे पान छापून आले तेव्हा मार्लाला पाहिजे होते तेही झाले नाही. तिच्या लोकांच्या रकान्यात आकडा यायचा तर तिथे चिन्ह आले. झरियाने मात्र ते पान घरी फ्रिजवर लावले.

"ग्रॅनी, अख्ख्या शाळेत तारका एकच. आणि ती मी."

"तारकेने आधी ताटं विसळावी."

कर्टिस साखर कारखान्यात होता. तिथली साखर बीटाची. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की बीट भरलेले ट्रक रस्त्यावर चिखल आणि कंद सांडत जातात आणि सगळ्या शहरावर शिजणाऱ्या बीटाचा गोडसर, मातकट वास बसतो. त्याच्या अंगाला तो वास असे. बूट दाराबाहेर काढल्याशिवाय ओझेलाबाई त्याला घरात घेत नसत. मागच्या फेब्रुवारीत, हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, कामाच्या पाळीवर असताना कर्टिसचे हृदय बंद पडले. तो एकोणचाळीस वर्षांचा होता. कारखान्यातून परत आलेले त्याचे बूट दाराबाहेरच राहिले.

ओझेलाबाईंनी तीन दिवस रजा घेतली. चौथ्या दिवशी त्या खिडकीशी बसल्या. हॉर्टन दार सोडून आत आला आणि टेबलाशी उभा राहिला.

"दारावर कोण आहे?" ओझेलाबाईंनी विचारले.

"कोणी नाही."

"मग जा."

त्यांना रडू आले नाही. त्या रडू येण्याची वाट पाहत होत्या असेही नाही. दात काढताना इंजेक्शन दिले की जीभ आपल्याच गालाला लागते आणि तो गाल दुसऱ्याचा वाटतो, तसे त्यांचे होते, आणि तसेच ते राहिले. घरी टीव्ही चालू असे. झरिया आणि त्या समोरासमोर बसून जेवत. मीठ दे, दूध संपले, गृहपाठ झाला का, एवढे बोलणे होई. कर्टिसचे नाव दोघींपैकी कोणी घेत नसे. ओझेलाबाईंना वाटे की आपण मुलीला सांभाळून घेत आहोत. तिला काय वाटे, ते त्यांनी विचारले नाही.

सप्टेंबरात झरिया नववीत गेली. वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी प्रार्थना होत असे तिथे, नृत्याचा वर्ग भरे. पहिले दोन आठवडे ती आली. मग मार्लाची आई आजारी पडली, आणि मार्ला गाडी घेऊन आली व मुलीला दोन आठवड्यांसाठी घेऊन गेली. दोन आठवडे झाले. मुलगी परत आली नाही.

ऑक्टोबरातला पहिला बुधवार हा पटमोजणीचा दिवस. त्या दिवशी जेवढी मुले वर्गात बसलेली असतील तेवढ्यांचाच सरकारकडून खर्च मिळतो. म्हणून त्या राज्यातली प्रत्येक शाळा त्या दिवशी काही ना काही खायला देते. कलाशाळेत डोनट आणि सफरचंदाचा रस असे. ओझेलाबाई सकाळी नऊपासून वर्गावर्गांतून यादी घेऊन फिरल्या. दोनशे अठ्ठ्याहत्तर मुले हजर होती, सहा गैरहजर.

प्राचार्य डेलगाडिओ त्यांच्या टेबलाशी आले. शर्टावर डोनटची साखर होती.

"सहा कोण कोण?"

"चौघांना ताप. एक दंतवैद्याकडे. एक झरिया."

"नियम तुम्हाला मी काय सांगणार. कारण कळवलेलं नसेल तर दहा शाळेचे दिवस. त्यात येऊन बसली तर धरायची, नाही तर नाव कमी करायचं. आजारी आहे असं आईनं लेखी दिलं तर महिना मिळतो. मार्लाशी बोलून बघा."

"बोलते."

"आणि मिस ओझेला, एक मूल कमी झालं म्हणून आभाळ कोसळत नाही. मी शाळेपुरतं म्हणतोय."

"कळलं, सर. साखर झटका."

ओझेलाबाईंनी मार्लाला फोन केला. मार्ला म्हणाली, "ती आजारी नाहीये, आई. मी खोटं लिहून देणार नाही. तिला इथंच राहायचंय."

"असं ती म्हणाली?"

"ती म्हणते, ग्रॅनीच्या घरात कुणी बोलत नाही."

ओझेलाबाई म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला.

पुढच्या काही दिवसांत पाचही मुले परत आली. ओझेलाबाईंनी त्यांच्या नावापुढच्या जागा भरल्या. झरियाची जागा कोरी राहिली. मोजणीनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी फॅक्सच्या यंत्रातून तीन पाने आली. पहिल्यावर पुलापलीकडच्या एका शाळेचे नाव होते, आणि खाली लिहिले होते की विद्यार्थिनी झरिया ब्रंडिज हिने आमच्याकडे प्रवेश घेतला आहे, तरी तिचे कागद पाठवावेत. असा कागद आला की नाव त्याच दिवशी कमी करायचे असते. ओझेलाबाईंनी एकोणीस वर्षांत असे शेकडो कागद हाताळले होते आणि एकही दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवला नव्हता.

त्यांनी पहिले पान वाचले. मागची दोन उलटली नाहीत. तिन्ही पाने खालच्या खणात, जुन्या शिक्क्यांच्या डब्याखाली ठेवली आणि खण लावून घेतला. त्यांनी स्वतःला काही समजावले नाही. दहा दिवस आहेत, एवढेच त्यांच्या मनात होते. नाव पटावर आहे तोवर मुलगी गैरहजर आहे. गैरहजर मूल परत येते.

रोज दुपारी तीन वाजता सौसेदाबाईंचा फोन येई. त्यांची मुलगी अनाही नववीच्या नृत्यासाठी प्रतीक्षा यादीत पहिली होती.

"मिस ओझेला, आज काही?"

"आज काही नाही, बाई."

"पोरगी स्वयंपाकघरात नाचते. काल माझ्या टोर्टियाच्या तव्याला लाथ बसली. जागा झाली की पहिला फोन मला हं."

"तुम्हालाच."

फोन ठेवल्यावर ओझेलाबाई रस्त्याकडची खिडकी नीट लागली आहे ना ते पाहत. हंगाम सुरू झाला होता. बाहेर बीटाचा वास होता. खिडकी का बंद, असे ओझेलाबाईंना कोणी विचारले नाही.

दहाव्या दिवशी, बुधवारी सकाळी, मार्लाचाच फोन आला. या वेळी तिचा आवाज चढलेला होता.

"आई, कागद कुठं आहेत?"

"कुठले?"

"माझ्याशी असं नका करू. त्या शाळेने गेल्याच्या गेल्या शुक्रवारी फॅक्स केला. दोनदा फोन केला, तुम्ही म्हणालात बघते. आठ दिवस पोरगी ग्रंथालयात बसून आहे. कागद आल्याशिवाय कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरत नाही म्हणतात. ती रोज सकाळी दप्तर घेऊन जाते आणि खुर्चीत बसून येते. तुमचं काम तुमच्याइतकं चोख कुणी करत नाही, हे मी तिथल्या बाईला सांगितलं. सांगताना मला लाज वाटली."

ओझेलाबाई ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे एक मूल आले, शाळेत असलेले आणि कुठल्याच वर्गाच्या यादीत नसलेले. असे मूल त्यांनी आपल्या शाळेत एक दिवसही राहू दिले नसते.

"आज जातील," त्या म्हणाल्या.

"आज म्हणजे कधी?"

"आत्ता."

त्यांनी खण उघडला, डबा बाजूला केला, आणि पाने टेबलावर ठेवली. कागद पाठवायचे तर मागची पानेही पाहणे भाग होते. दुसऱ्या पानावर त्या शाळेच्या प्रवेश अर्जाची प्रत होती. खाली मार्लाची सही होती. परंतु अर्ज मार्लाने भरला नव्हता. झरियाचे गोल अक्षर ओझेलाबाई कुठेही ओळखत. लहानपणी शाळा सुटल्यावर ती या टेबलाखाली बसून वाया गेलेले अर्ज भरत खेळत असे.

वंशाचा भाग पानाच्या मध्यावर होता. मूळ रहिवासी ही चौकट काळी केलेली होती. तिच्यावरची, कृष्णवर्णीय ही, तीही काळी केलेली होती. दोन्ही पूर्ण. कोपरेसुद्धा.

ओझेलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चौकटी तशाच होत्या.

मग त्या कामाला लागल्या. पालकाच्या सहीचा नवा अर्ज हाती आला की जुनी नोंद दुरुस्त करता येते, आणि मुलाचा दाखला पुढे जाताना तो बरोबर जावा, असा नियम आहे. त्यांनी संगणकावर झरियाची नोंद उघडली आणि तीन वर्षांपूर्वी पुसलेली चौकट भरली. पडद्यावरचे आकडे आपोआप हलले. तारकेचा रकाना रिकामा झाला. एकाहून अधिक वंशांची मुले वीस होती, ती एकवीस झाली.

एकवीस हा आकडा त्यांनी किती वेळ पाहिला, हे सांगता येत नाही. हॉर्टन मध्येच डोकावून गेला.

"मिस ओझेला, एका मुलाच्या आईला तुम्ही हव्यात."

"पाच मिनिटं."

"बाई म्हणते दोन मिनिटांचं काम आहे."

"मग तिला तीन जास्तच मिळतील."

त्यांनी नाव कमी करण्याचे पान उघडले. कारणाच्या जागी लिहिले: याच राज्यातील दुसऱ्या शाळेत प्रवेश. तारीख घातली. एकवीसचे पुन्हा वीस झाले. एकूण दोनशे त्र्याऐंशी. गुणपत्रके, लसीचा कागद, नृत्यशिक्षिकेचा शेरा, सगळे क्रमाने लावून त्यांनी फॅक्समध्ये घातले आणि शेवटचे पान बाहेर येईपर्यंत यंत्रापाशी उभ्या राहिल्या.

मग मार्लाला फोन केला. फोन झरियाने उचलला; त्या दिवशी आईने तिला घरीच ठेवले होते.

"ग्रॅनी?"

"कागद गेले. उद्या वर्गात बसवतील."

"हं. आई सांगत होती तू खूप कामात आहेस."

"कामात नव्हते. खणात ठेवले होते."

मग झरिया म्हणाली, "मला वाटलंच. तू फॅक्स हरवत नाहीस."

"जेवतेस ना नीट?"

"हो. तू?"

"डोनट खाल्ला."

"मोजणीचा? ग्रॅनी, त्याला दोन आठवडे झाले."

"तेव्हाच खाल्ला. नंतरचं आठवत नाही."

झरिया हसली का, ते ओझेलाबाईंना नीट कळले नाही. त्यांना आणखी बोलायचे होते. चौकटींविषयी विचारायचे होते, पण तो प्रश्न कसा मांडायचा ते सुचेना. तेवढ्यात बाहेरून बीटाचा ट्रक गेला. काचा थरथरल्या.

"कारखाना सुरू झालाय," त्या म्हणाल्या. "वास सुटलाय सगळीकडे."

"बाबाच्या बुटांचा."

"हो."

"अजून दाराबाहेर आहेत का ते?"

"आहेत. मी आत घेतले नाहीत."

"घेऊ नकोस," झरिया म्हणाली. "थँक्सगिव्हिंगला मी येते तोवर राहू देत."

"बरं," ओझेलाबाई म्हणाल्या. हा शब्द त्या फेब्रुवारीपासून दिवसातून कितीतरी वेळा म्हणत असत. या वेळी तो म्हणून झाल्यावर त्यांनी फोन लगेच ठेवला नाही. एवढेच झाले, आणि पुढे काही झाले नाही.

दुपारी त्यांनी ओळखीचे या वर्षीचे पान जुळवले. मूळ रहिवासी ही ओळ आता काढायची होती. ज्या रकान्यात कोणीच नाही तो छापायचा नसतो. त्यांनी ती काढली. खालच्या ओळी एकेक घर वर सरकल्या आणि पान पूर्वीपेक्षा नीटनेटके दिसू लागले. प्राचार्य सहीला आले. त्यांनी पान वाचले, ती ओळ जिथे असायची तिथे पाहिले, ओझेलाबाईंकडे पाहिले आणि सही केली.

तीन वाजता फोन वाजला.

"मिस ओझेला, आज काही?"

ओझेलाबाईंनी पेन्सिल उचलली, कोरा अर्ज पुढ्यात ओढला.

"हो, सौसेदाबाई. नववी, नृत्य. एक जागा झाली आहे. अनाहीला उद्या सकाळी घेऊन या, आणि घरी सांगून ठेवा, चौकटी भरताना पूर्ण काळ्या करायच्या."